नोंदवही कशासाठी?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाने संगणक घेतला, त्यानिमित्त दोन शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली आहे. आम्ही केवळ मॅट्रिक. सारी हयात हजेरीपटावर गेली. तथापि त्या हजेरीपटाने एक धडा दिला. मूल शाळेत टिकावे म्हणून हजेरी असते. हजेरी भरावी म्हणून शाळा नसते.

१९९८ साली वारणानगर येथे शासनाच्या साहाय्याने कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सत्तर गावांसाठी संगणक-केंद्रांची योजना झाली. शेतीसल्ला, शिक्षण असे अनेक हेतू कागदावर होते. प्रत्यक्षात शेतकरी येई तो मुख्यतः आपल्या उसाचे वजन आणि बिलाची रक्कम पाहावयास. पुढे सात गावांत तीच माहिती भ्रमणध्वनीवरील संदेशाने देऊन पाहिली आणि काम उत्तम भागले, असे अभ्यासकांनी २००७ साली नमूद केले. यंत्र लहान झाले, हेतू मात्र साधला.

आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार पाहा. तेथे पर्जन्यमापकाची नोंद कपाटात पडून राहत नाही. तिच्यावरून पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणती पिके घ्यावयाची हे ग्रामसभा ठरविते. आधी उद्दिष्ट, मग नोंद, आणि नोंदीवरून निर्णय, असा तो क्रम आहे.

आता घरची गोष्ट. गरजू विद्यार्थ्यांस साहाय्य, हे आपल्या मंडळाचे पहिले उद्दिष्ट. गेल्या वर्षी कुटुंबांची यादी आम्हीच सिद्ध केली. तीत कुटुंबप्रमुख, मूळ गाव, कुलदैवत, सारे लिहिले. घरातील मूल कोणत्या इयत्तेत शिकते, एवढेच लिहिले नाही. एका मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज तिच्या दिवंगत वडिलांच्या नावे जुन्या पत्त्यावर गेला. मुदत टळली आणि पोरीचे अकरावीचे वर्ष वाया गेले. हा दोष यंत्राचा नव्हे, आमचा आहे.

म्हणून नम्र विनंती अशी की, संगणकात एक अक्षर भरण्यापूर्वी कार्यकारिणीने आपणांस कोणते निर्णय घ्यावयाचे आहेत ते लिहून काढावे. त्यांस लागेल तेवढीच माहिती मागावी. गावोगावच्या प्रतिनिधींनी दर वर्षी जूनपूर्वी ती ताडून पाहावी. ज्या रकान्याचा उपयोग सांगता येत नाही, तो गाळावा.

आणि नव्या यादीत पहिले नाव त्या मुलीचे असावे, एवढे मागून आम्ही आपली रजा घेतो.