एका कामाला एकच शब्द
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शब्दांवर बोलण्याचा अधिकार पंडितांचा. पण शब्दांपायी होणारा घोटाळा आपल्याच दारात येतो, म्हणून बोलते.

शाहू महाराजांनी १९१७ साली वसविलेले आपले जयसिंगपूर आखीव, गल्ल्या नंबराच्या. पाचवी गल्ली म्हटले की रिक्षावाल्याला दुसरे विचारावे लागत नाही. कामांचे मात्र तसे नाही. आपल्या गटारीचेच पाहा. चौकशीला गेलेल्या बायकांना उत्तर मिळाले, ‘काम मंजूर आहे.’ बायका समजल्या, आता वाळू-सिमेंट येणार. पावसाळा गेला, गटार तशीच. पुन्हा विचारले, तर ‘मंजूरच आहे की हो!’ खोटे कोणीच बोलत नव्हते. सरकारी कामाला प्रशासकीय मान्यता लागते, म्हणजे काम करावयाचे ठरले. तांत्रिक मान्यता, म्हणजे नकाशा आणि खर्च इंजिनिअरने तपासला. मग निविदा, आणि शेवटी कार्यारंभ आदेश; तो ठेकेदाराच्या हाती आल्यावाचून कुदळ पडत नाही. या सगळ्या पायऱ्यांना आपण एकच ‘मंजूर’ म्हणतो! ‘अंदाजपत्रक’ही असेच दुतोंडी. नगरपालिकेचा वर्षाचा जमाखर्च तेही अंदाजपत्रक, आणि एका गटारीचा अंदाजे खर्च तेही अंदाजपत्रक.

शब्द ठरविणे हे रिकामपणचे काम नव्हे. शिवछत्रपतींनी राज्य उभारण्याच्या धामधुमीत राज्यव्यवहारकोश करवून घेतला. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले. पुढे सरकारच्या पदनाम कोशाला आचार्य अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले. मला विचाराल तर अत्र्यांचेही काही खोटे नव्हते. शब्द फार जड झाला की बाई पुन्हा गप्प बसते. ‘टेंडर’ भाजीवालीलाही समजते. तिने ‘निविदा’च म्हणावे असा माझा हट्ट नाही, दोन्ही एकच, एवढे तिला ठाऊक हवे.

म्हणून मंडळाने एक वही घातली आहे. एका बाजूस कचेरीचा शब्द, दुसऱ्या बाजूस आपला, आणि खाली तो कागद कोणाकडे मागावयाचा ते. गटारीच्या पानावर कार्यारंभ आदेशाची जागा अजून कोरी आहे. येत्या सोमवारी चौघीजणी कचेरीत जाणार आहोत. ‘मंजूर झाले का’ असे आता विचारणार नाही. ‘आदेश कोणत्या तारखेचा, तेवढे दाखवा’ असे म्हणणार आहोत. ज्यांना सवड असेल त्यांनी अकरा वाजता देवळापाशी यावे.