प्रथिनांचें खुलें भांडार



मी केवळ मॅट्रिक झालेला, विदर्भांतील एका खेड्यांत हयात घालविलेला शाळामास्तर. प्रथिनांसारख्या गहन विषयावर मीं बोलावें, हा अधिकारातिक्रमच म्हणावयाचा. परंतु त्यामागें एक जुनी बोच आहे. ती आधीं सांगतों.

माझ्या वर्गांत एक हुशार मुलगा होता. महिन्यांतून चार-सहा दिवस तो गैरहजर राही. विचारलें कीं, "गुरुजी, हाडें दुखतात," असें म्हणे. ती सबब समजून मीं त्याला अनेकदां बाकावर उभें केलें. पुढें रक्ततपासणींत कळलें कीं, त्याला सिकलसेल हा आनुवंशिक रोग आहे. दुखणें खरें होतें. खोटें होतें तें माझें अनुमान.

हा रोग म्हणजे नेमकें काय, हें मला उतारवयांत उमगलें. नातीनें संगणकावर हिमोग्लोबिनचें चित्र उघडून दाखविलें. चार सांखळ्या एकमेकींत गुंतलेल्या, आणि त्यांत अमिनो आम्लांचे ५७४ मणी. यांपैकीं बीटा नांवाच्या दोन सांखळ्यांत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन आलें, कीं प्राणवायु सोडल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटतात, त्यांचे धागे बनतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वांकते. अशा पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात व हाडें ठणकतात. एवढ्याशा फरकानें त्या लेंकराचें बालपण पोखरलें होतें!

हें चित्र आलें कोठून? क्ष-किरणांच्या साह्यानें हिमोग्लोबिनचा आराखडा काढण्यास मॅक्स पेरुट्झ यांना वीसांहून अधिक वर्षें लागलीं. त्यांना व जॉन केंड्र्यू यांना १९६२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. अशी कष्टार्जित माहिती कपाटांत कुलुपबंद राहूं नये, म्हणून १९७१ सालीं अमेरिकेंतील ब्रुकहेवन प्रयोगशाळेंत 'प्रोटीन डेटा बँक' स्थापन झाली. आरंभीं तींत अवघ्या ७ रचना होत्या. आज दोन लाखांहून अधिक आहेत. २००३ सालीं अमेरिका, युरोप व जपान येथील संस्थांनीं तिचा सांभाळ एकत्रितपणें करावयाचें ठरविलें. या पेढींत ठेव ठेवणारे संशोधक. उचल मात्र कोणींही करावी, व्याज नाहीं कीं तारण नाहीं. २०२० च्या फेब्रुवारींत कोरोना विषाणूच्या एका महत्त्वाच्या प्रथिनाची रचना येथें खुली झाली व जगभरच्या औषधसंशोधकांना ती तत्काळ हातीं आली.

आपल्याही देशाचा यांत वांटा आहे. गो. ना. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं मद्रास विद्यापीठांत १९६३ सालीं जो आलेख मांडला, त्याच्या कसोटीवर नव्या प्रथिनरचना आजही घांसून पाहिल्या जातात.

आतां संगणकच प्रथिनांचा आकार वर्तवूं लागला आहे. या भांडारांतील रचनांवरच शिकलेल्या 'अल्फाफोल्ड'नें वीस कोटींहून अधिक आकार वर्तविले, आणि त्या कार्यास २०२४ च्या नोबेलांत वांटा मिळाला. मात्र वर्तविलेलें आणि प्रयोगानें पाहिलेलें यांत भेद आहे. म्हणूनच त्या चित्रांत कोणता भाग कितपत विश्वसनीय, हें रंगांनीं दाखविलेलें असतें. अनुमानाला अनुमान म्हणण्याचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. मीं तो त्या मुलाच्या बाबतींत दाखविला नव्हता.

चित्र पाहून रोग बरा होत नाहीं, हें मी जाणतों. परंतु ज्या शाळेंत संगणक आहे, तेथील गुरुजनांस माझी विनंती आहे कीं, एक तास काढून हें भांडार मुलांना उघडून दाखवावें. त्याला फी पडत नाहीं. आणि एखादें मूल "दुखतें" म्हणालें, तर बाकाकडे बोट दाखविण्यापूर्वीं त्याला जवळ बोलावून नीट विचारावें.