जुन्या वाड्याचा चौक आणि त्यांतील बाग

(जुबिलीच्या तयारीसाठीं भरलेल्या धर्मग्रामसभेंत केलेलें भाषण)



जुबिलीच्या निमित्तानें आपल्या तासगांवच्या मिशनघराच्या चौकांत बाग करावी, असा ठराव मागील सभेंत झाला, आणि तिची आंखणी आम्ही सुचवावी असें आपण ठरविलें. त्यानंतर आमच्याकडे पुष्कळ सूचना आल्या. कोणी म्हणतात, सर्वत्र हिरवळ पसरून मध्यें कारंजें उडवावें. कोणी म्हणतात, मातीच नको. सगळा चौक सिमेंटनें गुळगुळीत करावा आणि भिंतींच्या कडेनें कुंड्या मांडाव्या. आणि आपण पडलों तासगांवचे, तेव्हां द्राक्षाचा मांडव तर निम्म्या घरांनीं सुचविला आहे. या सर्व सूचना प्रेमानें केलेल्या आहेत हें आम्ही जाणतों. तथापि त्यांपैकीं एकहि आम्हांस पसंत नाहीं, आणि त्याचीं कारणें आपणांपुढें मांडणें हें आमचें कर्तव्य आहे. कारण पैसा आपला आहे आणि घरहि आपलें आहे.

पश्चिमेकडील सोप्याच्या भिंतीस गुडघाभर उंचीपर्यंत लोणा लागलेला आपण सर्वांनीं पाहिला आहे. त्याच सोप्यांत रविवारीं आपलीं मुलें धर्मशिक्षणास बसतात. भिंत अशीच ओल पीत राहिली तर दहापांच वर्षांत सोपा उतरवावा लागेल, असें गवंड्यांचें मत आहे. तेव्हां हा प्रश्न केवळ शोभेचा नव्हे. चौकांत आपण काय पेरतों आणि कोठें पाणी घालतों, यावर घर राहतें कीं जातें हें अवलंबून आहे.

म्हणून प्रथम घराकडे पाहूं. काळ्या दगडाचें जोतें, त्यावर पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, लांकडी खांब, चारी बाजूंस सोपे आणि मध्यें उघडा चौक, ही आपल्या देशावरील घरांची जुनी रचना होय. ज्यांनीं अशीं घरें बांधलीं त्यांच्यापाशीं पदव्या नव्हत्या. परंतु ऊन, वारा व पाणी यांचा स्वभाव त्यांस पुरता ठाऊक होता. सातारा जिल्ह्यांत वाईजवळ मेणवली येथें नाना फडणिसांचा वाडा आजहि उभा आहे. त्यांत एक नव्हे, सहा चौक आहेत. (तेथील घाटावर, १७३९ सालीं वसई पडल्यानंतर आणलेली पोर्तुगीज घंटा टांगलेली आहे व तिच्यावर मरियामातेची आकृति आहे. वाईस जाणाऱ्यांनीं ती अवश्य पाहावी. असो.)

इतके चौक कशासाठीं? दिवसा उंच भिंतींच्या सांवलीमुळें चौकाची जमीन फारशी तापत नाहीं. रात्रीं आकाश निरभ्र असलें म्हणजे ती आपली उष्णता वर सोडून देते, आणि थंड झालेली हवा खालीं बसून भोंवतालच्या सोप्यांत शिरते. चैत्र-वैशाखांत पहाटे आपल्या सोप्यांत जो गारवा लागतो तो असा येतो. मात्र त्यासाठीं चौकास आकाश दिसलें पाहिजे. येथें आंबा अथवा चिंच लावली तर थोड्याच वर्षांत वर पानांचें छप्पर होईल, खालीं दमट अंधार साचेल, आणि मुळें जोत्याच्या दगडांत वाट काढूं लागतील. ज्या झाडाची सांवली रस्त्यावर पुण्यकारक, तेंच झाड चौकांत घराचें शत्रु होतें.

मध्य मोकळा ठेवण्याची ही रीत आपल्याच देशांत आहे असें नाहीं. संत बेनेडिक्ट यांनीं सहाव्या शतकांत लिहिलेल्या नियमाच्या ६६ व्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, शक्य असेल तर पाणी, गिरणी व बाग हीं मठाच्या आंतच असावीं. स्वित्झर्लंडमधील संत गॉल येथील ग्रंथालयांत नवव्या शतकाच्या पूर्वार्धांत काढलेला एका मठाचा नकाशा जपून ठेवलेला आहे. त्यांत चर्चला लागून एक चौरस चौक आहे, त्यांत चार वाटा आहेत, आणि त्या वाटा जेथें मिळतात तेथें सविना नांवाच्या एकाच झाडाची नोंद आहे. भाजीपाल्याचे १८ वाफे आणि औषधी वनस्पतींचे १६ वाफे त्याच नकाशांत आहेत, परंतु ते या चौकांत नाहींत. औषधींचे वाफे तर वैद्याच्या घराशेजारीं दाखविलेले आहेत. ज्यांस दररोज कुदळ व पाणी लागतें तें बाहेर, आणि जेथें माणसांनीं शांतपणें फिरावयाचें तें आंत, असा तो विवेक आहे. आपल्यालाहि मागें परस आहे. कढीलिंब, शेवगा, अळू, केळ हीं तेथेंच मोरीच्या पाण्यावर सुखानें वाढतील. चौकावर त्यांचा भार नको.

दूरची कल्पना घेण्यांत कांहीं कमीपणा नाहीं. परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या काळांत, १७७९ ते १७९९ या वर्षांत, आपल्या गांवीं गणपतीचें देऊळ बांधलें गेलें. त्याचें सात मजली गोपुर ही दक्षिणेकडील रीत आहे, महाराष्ट्रांतील नव्हे. आज तेंच गोपुर तासगांवची ओळख झालें आहे. तसेंच आपणहि चार वाटांची कल्पना संत गॉलहून घेऊं. झाडें मात्र येथल्या मातीचीं असूं द्या.

चौकाच्या मध्यावर जें दगडी वृंदावन आहे तें काढावें काय, असें कांहीं जणांनीं संकोचानें विचारलें. आमचें उत्तर स्पष्ट आहे: काढूं नये. पूर्वीं या घरांत राहणाऱ्या माणसांच्या भक्तीची ती खूण आहे, आणि दगडावरील कामहि सुबक आहे. त्यांत तुळस आहे ती राहील. चारी वाटा त्याच्यापाशीं येऊन मिळतील. आपला क्रूस दरवाजासमोर आहे, तेथें तो योग्य ठिकाणीं आहे.

आतां पाण्याकडे वळूं, कारण खरी गोष्ट पाण्याचीच आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यांत सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचें हजारी कारंजें होतें, हें आपण वाचलें असेल. परंतु पुण्यास कात्रजच्या उंचावरून नळानें पाणी आणण्याची सोय पेशव्यांनीं केलेली होती. आपला तालुका पर्जन्यछायेंतील. १९७२ चा दुष्काळ पाहिलेलीं वृद्ध माणसें आजहि आपल्यांत आहेत, आणि टँकरनें पाणी विकत घेऊन द्राक्षबागा जगविलेल्या तर तरुणांनींहि पाहिल्या आहेत. शेजारच्या बायांनीं डोक्यावर हंडे घेऊन जावें आणि चर्चच्या घरांत हिरवळीवर पाणी उडावें, हें दृश्य आम्हांस सोसवणार नाहीं. शिवाय हिरवळ म्हणजे रोजची ओल, आणि ती थेट भिंतीच्या पायाशीं.

उलट, आकाशांतून जें पाणी आपल्या छपरावर पडतें त्याचा हिशेब कोणी केला आहे काय? हजार चौरस फूट छपरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे सुमारें २३०० लिटर पाणी होतें. वर्षांत वीस इंच जरी पडला तरी तें ४६,००० लिटर भरतें. त्यांतील कांहीं वाया जाईल असें धरलें तरी उरेल तें थोडें नव्हे. आज हें सर्व पाणी पागोळ्यांनीं जोत्याच्या कडेस पडतें आणि भिंतींत चढतें. रोग आणि औषध एकाच ठिकाणीं आहेत! पागोळ्यांखालीं पन्हळी बसवाव्या, त्यांचें पाणी एका हौदांत आणावें, पहिल्या एकदोन सरींचें मळकट पाणी बाहेर सोडावें, आणि पुढचें पाणी खडी व वाळू भरलेल्या खड्ड्यांतून गाळून आडांत घ्यावें. आड बुजविण्याची सूचना मुलांच्या काळजीनें आली आहे. तिचें समाधान लोखंडी जाळीनें होईल. आड भिंतीपासून बारा फुटांवर असल्यामुळें पायास धोका नाहीं, अशी आम्ही गवंड्यांकडून खात्री करून घेतली आहे.

सिमेंटविषयीं आम्ही थोडें परखडपणें बोलूं. माती आणि चुना यांची भिंत ओल घेते आणि ओल सोडतेहि. तिच्याभोंवतीं सिमेंटची घट्ट फरशी घातली कीं जमिनींतील ओलीस वर येण्यास एकच मार्ग उरतो, आणि तो म्हणजे भिंत. वरून सिमेंटचा गिलावा केला तर ओल त्याच्या मागें कोंडते, क्षार सांचतात, आणि एके दिवशीं गिलावा मातीसकट गळून पडतो. जुन्या इमारतीवर नवी हौस काय करते याचें उदाहरण जुन्या गोव्यांत आहे. बॉम जीझस बासिलिकेचा चुन्याचा गिलावा, इमारत अधिक प्राचीन दिसावी म्हणून, १९५० नंतरच्या दशकांत काढून टाकण्यांत आला. तेव्हांपासून तिचा जांभा दगड पावसांत झिजत आहे, आणि गिलावा पुन्हां करावा कीं काय याविषयीं वाद चालला आहे. आपली इमारत त्या मानानें अगदीं लहान. परंतु पाऊस लहानमोठें पाहत नाहीं.

तेव्हां आमची योजना अशी. पश्चिमेच्या भिंतीस टेकून मागें कोणींतरी फुलझाडांसाठीं मातीचा जो उंचवटा केला तो प्रथम उपसावा. चौकाची जमीन जोत्याच्या माथ्यापासून निदान सहा इंच खालीं असावी. भिंतींच्या कडेनें तीन फूट रुंदीचा पट्टा मुरूम व गोट्यांचा ठेवावा आणि त्यांत एकहि रोप लावूं नये, एक तांब्याहि पाणी ओतूं नये. येथली काळी माती पाण्यानें फुगते आणि उन्हानें भेगाळते. पायाजवळ ती अशी वर्षानुवर्षें फुगली व आकसली म्हणजे भिंतीस चिरा पडल्यावांचून राहत नाहींत. वाटांना काळ्या दगडाच्या फरश्या, त्यांच्या सांध्यांत सिमेंट नव्हे तर वाळू, आणि भिंतीपासून मध्याकडे दहा फुटांस दोन इंच असा उतार असावा. पावसाचें पाणी मध्यांतून मोरीवाटे बाहेर जाईल. भिंतींची डागडुजी चुन्यानेंच व्हावी. चुन्याचें काम जाणणारे गवंडी आतां थोडे आहेत आणि ते मजुरीहि जास्त मागतात, हें खरें. ती आपण द्यावी.

पूर्वेच्या भिंतीच्या माथ्यावर पिंपळाचें रोप आलें आहे. वसईच्या किल्ल्यांतील मोडक्या चर्चच्या भिंतींत वड-पिंपळांचीं मुळें कशीं शिरलीं आहेत हें ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांस अधिक सांगावें लागणार नाहीं. रोप लहान आहे तोंवरच तें मुळासकट काढून फट चुन्यानें भरावी. मोठें झाल्यावर ओढून काढूं गेल्यास भिंतहि त्याच्याबरोबर येते.

झाडांविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं, कारण झाडें थोडींच आहेत. ईशान्येच्या कोपऱ्यांत, भिंतीपासून आठदहा फुटांवर, एक पांढरा चाफा. त्याचीं मुळें मवाळ असतात, पाणी थोडें लागतें, थंडींत पानें गळून ऊन खालीं येतें, आणि उन्हाळ्यांत फुलें येतात. समोरच्या कोपऱ्यांत एक पारिजातक, छाटून आटोपशीर ठेवलेला. हिवाळ्यांत दक्षिणेच्या सोप्याची सांवली चौकाच्या अर्ध्यावर पडते. ऊन मिळतें तें उत्तरेच्या अर्ध्यांत. म्हणून मोगरा, निशिगंध व तगर यांचे वाफे तिकडे, म्हणजे वेदीवरील फुलें विकत आणावीं लागणार नाहींत. सांवलीच्या बाजूस कांहींहि लावण्याची घाई नको. तेथें दगडी बांक ठेवावे. दुपारीं बसण्यास म्हाताऱ्या माणसांस फुलांपेक्षां तेच अधिक उपयोगी पडतील.

राहिला द्राक्षाचा मांडव. या गोष्टीचा निर्णय करतांना आम्हांस खरोखर जड गेलें. प्रभूनें स्वतःस द्राक्षवेल म्हटलें आहे, आणि तास-ए-गणेश या जातीच्या द्राक्षानें तर आपल्या गांवाचें नांव दूरवर नेलें आहे. परंतु आपणांपैकीं कितीतरी जण बागाईतदार आहेत. त्यांनींच मनाशीं विचार करावा. एप्रिलांत एक छाटणी, ऑक्टोबरांत दुसरी, आणि त्यानंतर दमट हवा पडली कीं डावणीच्या भीतीनें फवारणीवर फवारणी. रानांत हें चालतें. चार भिंतींच्या आंत, जेथें हवा कोंडते आणि जेथें मुलें बसतात, तेथें औषधाचा पंप घेऊन कोण उभा राहील? फवारणी न करावी तर वेल रोगट होऊन मांडव उघडा पडेल. एखाद्या घरास वेल हवीच असेल तर जाईची लावूं. तिच्यासाठीं चार दगडी खांबांचा स्वतंत्र मांडव घालूं, घराच्या लांकडास ती बांधूं नये.

खर्चाचा अंदाज चिटणीस वाचून दाखवितील. पन्हळी व हौद यांस सर्वांत अधिक लागेल, झाडांस जवळजवळ कांहींच नाहीं. फलकावर देणगीदारांचीं नांवें कोरावीं अशीहि सूचना आहे. ज्यांस पन्हळीवर आपलें नांव चालत असेल त्यांनीं जरूर कळवावें.

मातीचा उंचवटा उपसण्याचें काम उपवासकाळांतील शनिवारीं, सकाळच्या मिस्सानंतर, तरुणांनीं अंगमेहनतीनें करावयाचें आहे. घमेलीं व फावडीं घरून आणावीं. पन्हळी मृगापूर्वीं बसल्याच पाहिजेत. ज्यांच्या दारीं पांढरा चाफा आहे त्यांनीं हातभर लांबीची एक निबर फांदी ईस्टरनंतरच्या आठवड्यांत आणून द्यावी. कापलेलें टोंक आठ दिवस सांवलींत सुकवावें लागतें. चीक वाळण्यापूर्वीं लावलेली फांदी कुजते. आणि फांदी तोडण्यापूर्वीं घरांतील आजीबाईंस विचारण्यास विसरूं नये.