पाणी जोरात येतं, पण तापत नाही

पोल्ट्री शेड धुण्याचं काम आमचा गट करतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. गरम पाण्याचं मशीन मध्येच बिघडलं तर काय करता, असं बऱ्याच जणी विचारतात. आज तेच सांगतो.

आमचं मशीन गाड्यावर बसवलेलं आहे. इंजिन एकच. त्याच्या एका पट्ट्यावर पाण्याचा पंप फिरतो, दुसऱ्यावर छोटा जनरेटर. पाणी तापवायला डिझेलचा बर्नर आहे, पण बर्नरचा पंखा आणि ठिणगी विजेवर चालते. ती वीज हा जनरेटर देतो, म्हणून लाइट नसलेल्या शेडवरही काम होतं. आणि म्हणूनच जनरेटर रुसला की पाणी जोरात येतं, पण थंडगार.

पावसाळ्यानंतरच्या पहिल्याच कामाला असं झालं. तीन दिवसांनी शेडमध्ये पिल्लं उतरणार होती. मेकॅनिकनं आवाज ऐकला आणि म्हणाला, जनरेटर गेला, नवा टाका, 22 हजार. पैसे खात्यात होते, पण ते कर्जाच्या हप्त्याचे. आमच्यातल्या एक वहिनी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात बसतात. त्या म्हणाल्या, "दादा, कार्बन बघितले का?" तो म्हणाला, बघण्यासारखं काही नाही. मग आम्ही त्याला चहा पाजून पाठवला.

आधी एक साधी परीक्षा केली. बर्नरची पिन काढून जनरेटरच्या सॉकेटमध्ये 100 वॅटचा बल्ब लावला. तो लागला असता तर दोष बर्नरकडे, म्हणजे डिझेलचा फिल्टर, थर्मोस्टॅट, ठिणगीचे तार बघायचे. बल्ब लागला नाही. एमसीबी पडलेला नव्हता. इंजिन बंद करून पट्टा अंगठ्यानं दाबला, सैल नव्हता. पट्टा घसरला किंवा इंजिन हळू चाललं तरी व्होल्ट कमी येतात, हे ध्यानात ठेवा.

मग वहिनींनी मीटर लावला. 230 यायला हवेत, आले 4. त्यांना हायसं वाटलं, आम्हाला कळेना का. त्यांनी सांगितलं ते असं: जनरेटरच्या लोखंडात थोडं चुंबकत्व कायम शिल्लक असतं, त्यावर हे चार-पाच व्होल्ट येतात. ते वाढायला आतल्या फिरत्या गुंडाळीला करंट मिळावा लागतो, आणि तो दोन कार्बन कड्यांवर टेकून पोहोचवतात. चार व्होल्ट आहेत म्हणजे शिल्लक चुंबकत्व आहे, करंट पोहोचत नसावा. मीटर अगदी शून्य दाखवत असता तर चुंबकत्व गेलेलं किंवा गुंडाळी तुटलेली. गेलेलं चुंबकत्व बॅटरीनं परत देता येतं, पण ते जाणकारानंच करावं.

इंजिन बंद, चावी खिशात, हात कोरडे. मागचं झाकण काढायच्या आधी तारांचा मोबाइलवर फोटो घेतला, कारण कार्बनच्या दोन तारा उलटसुलट लागून चालत नाहीत. आत एक कार्बन ओल आणि धुळीनं खाचेत अडकून बसलेला, दुसरा झिजून नखाएवढा. कडी काळी पडलेली. बारीक पॉलिश पेपरनं पुसली, नवी जोडी बसवली. जोडी 200 रुपयांच्या आत आली. बल्ब लागला, बर्नर पेटला.

काही जनरेटरला कार्बन नसतात, आत कपॅसिटर असतो. इंजिन बंद असलं तरी त्याचा झटका बसतो. तुमचा तसा असेल तर झाकण उघडू नका.

दोन गोष्टी मात्र कितीही घाई असली तरी पाळा. इंजिन शेडच्या बाहेर, दारापासून लांब ठेवा, पाइप लांब घ्या. धुरातल्या विषारी वायूला वास नसतो आणि बाई चक्कर येऊन पडेपर्यंत कळत नाही. आणि काम संपलं की बर्नर बंद करून दोन-तीन मिनिटं थंड पाणी चालू द्या, मगच इंजिन बंद करा. आमच्यातल्या एकीचं मनगट भाजलं तेव्हापासून आम्ही हे कधी चुकवत नाही.

पिल्लं ठरल्या दिवशी उतरली. कार्बनची एक जोडी आता पेटीत असते. घ्यायला जाल तेव्हा जुना तुकडा सोबत न्या, मापात जरा फरक असला तरी नवा खाचेत अडकतो.