घनता, कसाफत, डेन्सिटी

(बल्लारपूर येथे नववी ते पदवीच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसमोर केलेले भाषण)



मला बोलावलं तेव्हा सांगितलं होतं की 'आयटीत करिअर कसं करावं' यावर बोला. त्यावर बोलणारे तुम्हाला मोबाईलवर भरपूर सापडतील आणि ते माझ्यापेक्षा बरं बोलतात. मी आज एका भौतिकशास्त्रज्ञाबद्दल बोलणार आहे. देशातल्या एका मोठ्या संशोधन संस्थेतली खुर्ची मिळाल्यावर हा माणूस महापालिकेच्या शाळांत जाऊन बसला. त्याच्या कामाचं आपल्या घरांशी काय नातं आहे ते सांगतो. पण सुरुवात माझ्या घरापासून करावी लागेल.

माझी आपा माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवीपर्यंत उर्दू शाळेत, नेहमी पहिल्या तिनात. आठवीला मराठी शाळेत घातलं आणि वर्षभरात ती गप्प झाली. एका तासाला तिला 'घनता म्हणजे काय' असं विचारलं. तिला उत्तर येत होतं, पण ते 'कसाफत' या शब्दाखाली येत होतं. ती तशीच उभी राहिली. शिक्षक म्हणाले, "तुझ्या डोक्याला विज्ञान झेपणार नाही." शाळेचं नाव घेत नाही. असं वाक्य तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय, हात वर करायला लावत नाही. आपाने दहावीनंतर आर्ट्स घेतलं, बारावी केली, मग लग्न. मी सहा वर्षांनी त्याच वाटेने गेलो, पण तोपर्यंत घरात मराठी पुस्तकं वाचून दाखवणारी आपा होती. माझ्या इंजिनीअरिंगच्या डिग्रीत तिचा किती वाटा आहे हे मी पुण्याला नोकरी लागल्यावर हिशेब करून पाहिलं. तो हिशेब अजून फिटलेला नाही.

आता त्या भौतिकशास्त्रज्ञाकडे येतो. डॉ. व्ही. जी. कुलकर्णी. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर, होमी भाभांनी उभी केलेली. साठच्या दशकात तिथल्या काही शास्त्रज्ञांना वाटायला लागलं की आपण इथे कुलाब्याला समुद्राकाठी कणांचा आणि विश्वकिरणांचा अभ्यास करतोय आणि दोन मैलांवरच्या शाळेत मुलं न्यूटनचे नियम पाठ करून विसरताहेत. प्रा. बाळ उदगावकर हे त्यातलं मोठं नाव. सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, पुढे मराठी विज्ञान परिषदेचे अध्यक्ष. नोकरी सांभाळून, हौसेने ही मंडळी शाळांमध्ये जायला लागली. १९७४ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टच्या मदतीने टीआयएफआरचाच भाग म्हणून होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू झालं. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. आज त्याचा मानखुर्दला मोठा कॅम्पस आहे. तेव्हा मात्र हे केंद्र नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेच्या इमारतीत चालायचं. शिक्षणाचं संशोधन केंद्र शाळेच्याच जिन्यावरून चढून जायचं, हे मला फार आवडतं.

आपल्याकडे अशा निर्णयाला काय म्हणतात ते तुम्हाला ठाऊक आहे. "सायंटिस्ट होता, मास्तर झाला." मास्तर होणं म्हणजे खाली उतरणं. आणि मास्तरांना शिकवणं? त्याला तर आपल्याकडे शब्दच नाही.

सुरुवातीचं एक काम जळगाव जिल्ह्यात झालं. रावेर तालुक्यातलं खिरोदा, केळीचा मुलूख. तिथल्या परिसरातल्या खेड्यांच्या प्राथमिक शाळांमध्ये विज्ञान नीट शिकवता येईल का, हा प्रश्न. प्रयोगशाळा नाही, कधी कधी धड खोलीही नाही. मग शिक्षकांबरोबर बसायचं, गावात मिळणाऱ्या वस्तूंतून प्रयोग करायचे आणि शिक्षकाला स्वतःला तो प्रयोग एकदा करू द्यायचा. ही शेवटची गोष्ट साधी वाटते. पण मला शिकवणाऱ्या किती जणांनी तो प्रयोग स्वतःच्या हाताने केलेला होता, मला शंका आहे. आमच्या शाळेत काचेचं एक कपाट होतं. त्यात बीकर, स्प्रिंग-काटा, चुंबक सगळं होतं, आणि कुलूपही होतं. फुटलं तर पगारातून भरावं लागेल, ही भीती. दोष त्या शिक्षकांना एकट्यांना देता येत नाही.

याच काळात मध्य प्रदेशात होशंगाबादला असंच काम चाललं होतं. आपल्या बल्हारशाहून दिल्लीकडच्या गाडीत बसा, नागपूर, इटारसी, आणि इटारसी सोडल्यावर थोड्याच वेळात तेव्हाचं होशंगाबाद. १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान सुरू झालं. टीआयएफआरचे आणि दिल्ली विद्यापीठाचे शास्त्रज्ञ तिथे उन्हाळ्यात खेड्यातल्या शिक्षकांबरोबर जमिनीवर बसून प्रयोग करायचे. १९७८मध्ये तो कार्यक्रम जिल्हाभर गेला. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती. शिक्षकांच्या आणि मुलांच्या तक्रारी ऐकून पुस्तकं पुन्हा लिहिली जायची. २००२ साली सरकारने तो बंद केला. तीस वर्षं चाललेलं काम एका आदेशाने बंद पडतं, हेही लक्षात ठेवा.

पण कुलकर्णींच्या कामातला जो भाग मी आज सांगायला आलोय, तो भाषेचा आहे.

त्यांनी मुंबईतल्या मराठी शाळांत विज्ञानाच्या पुस्तकांची भाषा तपासली. शिकणारी मुलं मराठी, घरात मराठी, पुस्तकही मराठी. तरी मुलं अडत होती, कारण पुस्तकाची मराठी त्यांच्या घरची नव्हती. मग तोच अभ्यासक्रम, तोच धडा सोप्या भाषेत लिहून शिकवून पाहिला. मुलांची कामगिरी सुधारली, वर्गात बोलणं वाढलं. १९८१ साली कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. गंभीर यांनी यावर निबंध लिहिला. भाषेचा अडथळा शिक्षण सगळ्यांपर्यंत पोहोचण्याच्या आड कसा येतो, हा त्याचा विषय.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडा वेळ लॅपटॉप बंद करून बसलो. कारण आमच्या घरात, आणि माझी खात्री आहे तुमच्याही घरात, वीस वर्षं एकच वाद चाललाय. उर्दू माध्यम की मराठी की इंग्रजी? मामू म्हणतात उर्दूने वाटोळं केलं. चाचा म्हणतात मराठीत घातलं म्हणून मुलगी मागे पडली. आता नवीन पिढी म्हणते इंग्रजी शाळेची फी भरा, सगळं ठीक होईल. आणि इथे हा माणूस दाखवतोय की मराठी मुलांनाच मराठी पुस्तक आडवं आलं. आपाला वाटायचं की अख्ख्या वर्गात अडखळणारी ती एकटी. बाजूच्या बाकावरच्या, घरी झाडीबोली बोलणाऱ्या मुलीला 'घनता' तेवढीच परकी होती. फक्त ती उभी राहिली नाही, आपाला उभं केलं.

१९८०च्या सुमारास त्यांनी आणि डॉ. सुधाकर आगरकर यांनी आणखी एक काम हाती घेतलं. महापालिकेच्या शाळांतली वंचित जातींतली मुलं निवडली आणि आठवीपासून दहावीपर्यंत त्यांच्याबरोबर विज्ञान-गणितावर काम केलं. प्रश्न विचारायला लावले, भाषेवर मेहनत घेतली. मुलांचे दहावीचे निकाल वधारले. 'यांची कुवतच नाही' असं म्हणणाऱ्यांना उत्तर मिळालं, तेही आकड्यांत.

थोडं विषयांतर करतो. याच केंद्रातले आणखी एक भौतिकशास्त्रज्ञ, पुढचे संचालक प्रा. अरविंद कुमार. त्यांनी जयश्री रामदास आणि पानसे यांच्याबरोबर कॉलेजच्या मुलांच्या चुका अभ्यासल्या. तुम्ही बल्हारशा स्टेशनवर गाडीत बसलेले असता, बाजूच्या रुळावरची कोळशाची मालगाडी हलते आणि क्षणभर वाटतं आपलीच गाडी निघाली. गती कशाच्या संदर्भात, हा तो प्रश्न. या मंडळींना दिसलं की कॉलेजातल्या मुलांनाही संदर्भ चौकट म्हणजे एखादी वस्तू वाटते, गाडीच्या डब्याएवढी, डबा संपला की चौकट संपली. १९९४ साली तो शोधनिबंध आला. मी स्वतः सॉफ्टवेअरवाला. प्रोग्राम चुकला की आम्ही त्याला शिव्या देतो, पण नंतर एरर मेसेज वाचतोच, कारण चूक कुठे आहे ते त्यातच लिहिलेलं असतं. मुलाचं चुकीचं उत्तर तसं वाचायचं, हे या लोकांनी केलं. आपण त्यावर लाल पेनाने फुली मारतो.

आता पुन्हा घरी. आपाची मुलगी यंदा नववीत आहे. सातवीपर्यंत उर्दू, आठवीपासून सेमी इंग्रजी. म्हणजे तीच घनता तिच्यासाठी आधी कसाफत होती, आता डेन्सिटी आहे आणि शिकवणीच्या बाई घनता म्हणतात. दिवाळीच्या सुट्टीत मी आलो तर म्हणाली, "मामू, मेरेको सायन्स नहीं जमता, मैं आर्ट्स लेती." आपा पोळ्या लाटत होती. ती काही बोलली नाही, आणि मला तिचं न बोलणं जास्त लागलं.

मी लगेच शिकवायला बसलो. कागद घेतला, वस्तुमान भागिले आकारमान लिहिलं, तीन उदाहरणं सोडवून दिली. अर्ध्या तासात मुलगी रडकुंडीला आली. मी कुलकर्णींबद्दल वाचलेला माणूस, आणि मी नेमकं तेच केलं जे आपाच्या शिक्षकांनी केलं होतं, फक्त आवाज गोड ठेवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा अंडी तपासत होती. बादलीत पाणी, एकेक अंडं सोडायचं. तळाशी आडवं बसलं तर ताजं, वर तरंगलं तर फेकायचं. माझ्या अम्मीपासूनची पद्धत. मी भाचीला विचारलं, दोन्ही अंडी एवढीच मोठी, मग एक तरंगतं का? ती म्हणाली खराब झालं की हलकं होतं. का हलकं होतं? विचार करून म्हणाली, आतलं पाणी उडून जात असेल, हवा शिरत असेल. बरोबर. कवचाला बारीक छिद्रं असतात. अंडं तेवढंच राहतं, आतला माल कमी होतो. मग मी ताज्या अंड्याच्या पाण्यात मीठ टाकत गेलो, टाकतच गेलो, आणि ते ताजं अंडंही वर आलं. आता अंडं बदललं की पाणी? त्यावर दोघींचं भांडण झालं, मायलेकींचं, हिंदीत. आपा म्हणाली पाणी जड झालं. भाची म्हणाली, पण पाणी तर तेवढंच दिसतंय. "तेवढ्याच जागेत जास्त भरलंय," आपा म्हणाली. घनतेची याहून चांगली व्याख्या मला कुठल्या पुस्तकात मिळालेली नाही.

मग तिने विचारलं, इथल्या डेपोतला सागाचा एवढा मोठा वाळलेला ओंडका वर्धा नदीत टाकला तर तरंगेल आणि खिळा बुडेल, असं का? 'जड' हा आपला शब्दच गोंधळाचा आहे, त्यात वजनही येतं आणि घनताही येते. पाठ्यपुस्तकाने वेगळा शब्द दिला तो याचसाठी. पण आधी गोंधळ दिसला पाहिजे, मग शब्दाची गरज कळते. त्या दिवशी भाचीने वहीत तिन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले. कसाफत, घनता, डेन्सिटी.

सहामाहीला तिला चाळीसपैकी अकरा होते. नंतरच्या चाचणीत अठरा मिळाले. फार नाहीत. ती अजूनही अधूनमधून आर्ट्स म्हणते, आणि आर्ट्स घ्यायला माझी हरकत नाही. फक्त विज्ञान झेपत नाही म्हणून घेऊ नकोस, एवढंच तिला सांगितलंय.

तर मी कशासाठी आलोय ते सांगतो. आपाच्या अंगणात दर रविवारी सकाळी दहाला आम्ही बसतो. मी पुण्याहून व्हिडिओवर असतो, महिन्यातून एकदा प्रत्यक्ष येतो. सध्या सात मुलं येतात, चार उर्दू शाळेतली, तीन मराठी. मला इथल्या कॉलेजातली तीन-चार मुलं-मुली हव्या आहेत. मार्कांची अट नाही. उर्दू, मराठी, हिंदी मिसळून बोलता आलं पाहिजे, आणि 'मला माहीत नाही, चल बघू' असं म्हणता आलं पाहिजे. बीएड करणारं कुणी असेल तर फारच बरं. दोन मोजपात्रं आणि एक स्प्रिंग-काटा मी आणून ठेवलाय. कपाटाला कुलूप नाही.

आणि हो, येत्या रविवारी आपा शिकवणार आहे. विषय तिनेच निवडलाय, कुकरची शिट्टी. तिला एक प्रश्न पडलाय, की कुकरमध्ये पाणी शंभर अंशांच्या वर कसं जातं. मी उत्तर सांगितलेलं नाही.