गावठाणाबाहेरचे दिवे

(वसंत व्याख्यानमालेत सांगली येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षेप)



काल साताऱ्यात हाच विषय मांडत होतो, तेवढ्यात वळीव आला आणि वीज गेली. मंडपात काळोख. पुढच्या रांगेतले एक आजोबा म्हणाले, "बरं झालं, आता तारे तरी दिसतील." दिसले नाहीत, ढग होते. आज मात्र आभाळ निवळलंय. घरी जाताना उत्तरेकडे मान वर करा, सप्तर्षी दिसतील. त्याच दिशेला, पण सुमारे एक कोटी प्रकाशवर्षं लांब, एनजीसी ३७४१ नावाची एक खुजी दीर्घिका आहे. ती नुसत्या डोळ्यांनी दिसायची नाही.

खुजी म्हणजे किती? आपल्या आकाशगंगेत तारे दहा हजार कोटींच्या वर. खुज्या दीर्घिकेत काही कोटी, फार तर काहीशे कोटी. पण २००५ साली आयेशा बेगम, जयराम चेंगलूर आणि इगोर काराचेंत्सेव्ह यांनी नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीतून हिच्याकडे पाहिलं. तिथं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. हायड्रोजन वायूतून येणाऱ्या २१ सेंटिमीटरच्या रेडिओलहरी त्या टिपतात. या दीर्घिकेचा वायू तिच्या दिसणाऱ्या देहाच्या आठपटींहून लांब पसरलेला निघाला. बटू म्हणून दारात उभं केलं आणि त्यानं पाऊल उचललं, तशातली गत!

आता खरा प्रश्न. त्या बाहेरच्या वायूत तारे जन्मतात का? मोठ्या दीर्घिकांवरून बांधलेला हिशेब सांगतो, नाही. तारा व्हायचा तर वायू स्वतःच्या वजनानं आत कोसळायला हवा. काठावर तो इतका विरळ असतो, की त्याची खळबळ आणि दीर्घिकेचं फिरणं त्याला गोळा होऊच देत नाही. पुष्कळ वर्षं आम्ही हेच शिकलो, आणि मीही हेच शिकवलं.

तुमच्यापैकी जे आटपाडी-जतकडचे, माण-खटावकडचे असतील, त्यांना काठ रिकामा नसतो हे माझं म्हणणं लवकर पटेल. दिवसा टेकडीवरून बघितलं तर गाव म्हणजे गावठाण: देऊळ, चावडी, दाटीवाटीची घरं. पुढं नुसतं माळरान. रात्री त्याच टेकडीवर जा. ज्याला माळरान म्हणालात तिथं लांबवर एकेक दिवा लुकलुकतो. त्या मळ्यातल्या वस्त्या. गाव तिथपर्यंत असतंच, ते दिवसा दिसत नाही एवढंच.

दीर्घिकेच्या वस्त्या पाहायच्या तर अतिनील प्रकाशात पाहाव्या लागतात. फार तापलेले तरुण तारे तोच प्रकाश भरभरून टाकतात. पण आपल्या वातावरणातला ओझोन तो अडवतो, म्हणून दुर्बीण वर न्यायला हवी. २८ सप्टेंबर २०१५ रोजी इस्रोनं श्रीहरिकोट्याहून 'अ‍ॅस्ट्रोसॅट' हा उपग्रह सोडला. त्यावरच्या अतिनील दुर्बिणीचा आरसा जेमतेम ३८ सेंटिमीटरचा. आपल्याकडं लग्नाघरी भाकरी ठेवायच्या पराती याहून मोठ्या असतात. हबल दुर्बिणीचा आरसा २.४ मीटरचा!

या परातीहून लहान आरशातून तेजपूर विद्यापीठाचे अंशुमन बोरगोहाईं, पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेतले कनक साहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ११ खुज्या निळ्या दीर्घिका पाहिल्या. सगळ्या शंभर कोटी प्रकाशवर्षांहून लांब. काम जुलै २०२२मध्ये 'नेचर' या नियतकालिकात छापून आलं. हबलच्या चित्रात जिथं दीर्घिका संपल्यासारखी दिसत होती, त्याच्याही बाहेर अतिनील उजेड होता, अंधुक, पण होता.

हे तारे आत जन्मून बाहेर भटकले असतील, असं कुणी म्हणेल. तसं म्हणता येत नाही. आपल्या सूर्याला हजार कोटी वर्षांचं आयुष्य आहे. हे भडक निळे तारे काही कोटी वर्षांतच संपतात. एवढ्या अवधीत इतकी मजल मारता येत नाही. ते जन्मले तिथंच, माळावर.

या मंडळींचं पुढचं म्हणणं मला जास्त मोलाचं वाटतं. बाहेरून येणारा वायू काठावर साठतो, त्याचे गोळे होतात, त्यांत तारे पेटतात. मग भोवतालच्या वायूशी आणि द्रव्याशी होणाऱ्या ओढाताणीत गोळ्यांचा वेग मोडतो आणि ते हळूहळू मध्याकडे घसरतात. म्हणजे आधी वस्ती, मग वस्तीवरची माणसं येऊन गावठाण भरतं. आपल्या गावांचा इतिहास बहुधा उलटा आहे. दीर्घिकांच्या घडणीबद्दल आपण आतून बाहेर असा विचार करत आलो. खुज्यांच्या बाबतीत तरी तो बदलावा लागेल, असं माझं मत आहे. विरळ वायूचे गोळे नेमके कसे जमतात, यावर मात्र अजून वाद आहे, आणि तो चालू दे.

शेवटी एक काम सांगतो. खुज्यांतच मोजला जाणारा आपला शेजारी, मोठा मॅगेलनी मेघ, १ लाख ६० हजार प्रकाशवर्षांवर आहे. डिसेंबरच्या मध्यरात्री सांगलीहून तो दक्षिणेच्या क्षितिजावर जेमतेम तीन अंश चढतो, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांच्या रुंदीएवढाच. धूळ आणि दिवे त्याला बहुतेक गिळतात. तरी अमावस्येच्या आसपास, हवा स्वच्छ असेल तेव्हा, दंडोबाच्या डोंगरावर जाऊन बघा. दिसला, तर मला जरूर कळवा. मला अजून दिसलेला नाही.