वाचकाचे इमान



वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’ची (१९५९) थोरवी मी वर्गात वर्षानुवर्षे सांगितली; १९७४चा ज्ञानपीठ पुरस्कार हा माझा हुकमी दाखला असे. वास्तविक तिच्या अलंकृत भाषेने मी थकून जाई. पण तसे बोलण्याचे धैर्य मला झाले नाही. उलट लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ मी निव्वळ आठवणी म्हणून दुय्यम लेखली. पतीच्या १८९५मधील धर्मांतराने विस्कटलेला संसार सांगतानाही, शालेय शिक्षण न लाभलेल्या लक्ष्मीबाई स्वतःवर हसू शकतात. हा प्रांजळपणा आमच्या किती कादंबऱ्यांत आढळतो? माझी उसनी मते तुम्ही उत्तरपत्रिकांत उतरविलीत आणि मी त्यांना गुण दिले. ते ऋण आज या कबुलीने फेडतो. वाचा, आणि स्वतःचेच मत निर्भयपणे मांडा.